अठराची गाडी फुलेवाडीत दहा का देते?

कोल्हापुरातल्या फुलेवाडीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"आठ महिन्यांपूर्वी आम्ही मधल्या आकाराची क्रॉसओव्हर, म्हणजे उंच बांध्याची कार घेतली. टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. शोरूममध्ये लिटरला अठरा किलोमीटरच्या वर ॲव्हरेज सांगितलं होतं. गावात दहा मिळतं, पुण्याला जाताना साडेचौदा. मी मुलाला गंगावेशीजवळच्या शाळेत सोडते, घरी येते, दुपारी पुन्हा आणायला जाते. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून वीसेक मिनिटं आधीच पोचून एसी लावून बसते. महिन्यातून एकदा सासूबाईंना दवाखान्यासाठी पुण्याला न्यावं लागतं. तेव्हा हे गाडी चालवतात आणि शंभर-एकशेदहाच्या खाली येत नाहीत. सासरे म्हणतात गाडीतच खोट आहे, आमची जुनी छोटी गाडी अठरा द्यायची. दीर म्हणतात ही विका, डिझेल घ्या. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गाडी ओके आहे. हप्ता तर जातोच, वर पेट्रोलला महिना आठ हजार. ही गाडी घ्यायचा आग्रह माझा होता, त्यामुळे रोज जेवताना बोलणी मलाच बसतात. काय करावं?"

ताई, आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवतो. तुम्ही चुकीची गाडी निवडलेली नाही, आणि पत्रातल्या आकड्यांवरून तिच्यात बिघाड असल्याचंही दिसत नाही. या आकाराची टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक गावातल्या गर्दीत दहा-अकरा आणि हायवेला चौदा-पंधरा देते. तुमच्यासारखी गाडी वापरणारं दुसरं कोणतंही घर तुम्हाला जवळपास हेच आकडे सांगेल. आठ हजार ही रक्कम मात्र खरी आहे आणि ती कमी करता येते. त्यासाठी गाडी विकायची गरज नाही.

शोरूममधला अठराचा आकडा कुठून येतो ते घरात सगळ्यांना एकदा सांगा. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती चालवतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था हे प्रमाणपत्र देतात. सगळी चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी, आणि त्यात गाडी जेमतेम साडेदहा किलोमीटर धावते. वेग कधीही ताशी ९०च्या वर जात नाही. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, समोर आडवी येणारी रिक्षा नाही. शहरी भागाच्या चाचणीत शून्यावरून पन्नासवर जायला गाडी सव्वीस सेकंद घेते. रंकाळ्याच्या रस्त्यावर सव्वीस सेकंद घेऊन पन्नास गाठून बघा, मागचे हॉर्नने कान किटवतील. टर्बो इंजिनाचा फरक इथेच पडतो. हलक्या पायाने चालवलं तर छोटं इंजिन छोट्या इंजिनासारखंच पेट्रोल घेतं, आणि चाचणीत पाय हलकाच असतो. सिग्नल सुटल्यावर जोरात दाबलं की टर्बो जास्त हवा कोंबतो आणि त्या हिशेबात पेट्रोलही जास्त जातं. कंपनी खोटं बोलली असं नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे, घरखर्चाचा अंदाज बांधायला तो चालत नाही.

आता तुमच्या दिवसाकडे येऊ. खरं उत्तर तिथेच आहे.

फुलेवाडी ते गंगावेस तीन-सव्वातीन किलोमीटर. सोडणं, परत येणं, आणणं, परत येणं धरलं तर दिवसाला बारा-तेरा किलोमीटर, महिन्याला सुमारे तीनशे. पेट्रोल इंजिन नीट तापायला चार-पाच किलोमीटर तरी लागतात. तोवर ऑइल घट्ट असतं, आतलं घर्षण जास्त असतं, आणि इंजिन थंड आहे हे कळल्यामुळे गाडीचा संगणक सुरुवातीला पेट्रोल सढळ हाताने सोडतो. तुमचं इंजिन तापायच्या आत शाळा येते. परत आल्यावर गाडी दारात चार-पाच तास उभी राहते, गार होते, आणि दुपारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे महिन्यातली ही तीनशे किलोमीटर तुमची गाडी जवळजवळ कायम अर्धवट तापलेली असते. अशा फेऱ्यांत कोणतीही पेट्रोल गाडी आठ-नऊच देणार. सासऱ्यांची जुनी गाडी अठरा द्यायची यात शंका घेण्यासारखं काही नाही. ती वजनाने हलकी, उंचीने कमी, आणि बहुतेक हाताच्या गिअरची असावी. शिवाय ती रोज दोनदा गंगावेशीला जात होती का, एवढं त्यांना प्रेमाने विचारून बघा.

दुसरी गोष्ट तुमची वीस मिनिटं. उभ्या गाडीत एसी चालू असला की असं इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेतं. रोज वीस मिनिटं, पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला आठ तासांहून जास्त. सहा ते आठ लिटर पेट्रोल एक किलोमीटरही न धावता जातं. तुमचा गावातला हिशेब महिना ४५० किलोमीटर आणि ४५ लिटर असा धरला, तर केवळ हे थांबणं बंद केल्यावर तीच गाडी तोच रस्ता साडेअकरा-बाराने करेल. इंजिनाला हातसुद्धा न लावता. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत बसणं किती त्रासाचं असतं ते मला माहीत आहे, त्यामुळे खिडक्या उघडून बसा असं सांगत नाही. शाळा सुटायच्या वेळेवरच पोचा, गाडी थोडी लांब रंकाळ्याच्या बाजूला लावा आणि मुलाला चालत घेऊन या. नाहीतर शेजारची एखादी आई त्याच शाळेत जात असेल तर एक दिवस तुम्ही, एक दिवस त्या.

याहून मोठा उपाय तुमच्या दारातच उभा असण्याची शक्यता आहे. घरात स्कूटर असेल तर पावसाळा सोडून शाळेची फेरी तिच्यावर न्या. दोघांनाही हेल्मेट, एवढी अट. ४५ने देणारी स्कूटर तीनशे किलोमीटरला सात लिटर घेईल. गाडी त्याच कामाला थांबण्यासकट तेहतीसच्या आसपास घेते. सव्वीस लिटरचा फरक, म्हणजे आजच्या भावाने अडीच हजारांच्या वर. जून ते सप्टेंबर धो-धो पावसात मात्र बिनधास्त गाडी न्या, तेव्हा ॲव्हरेज बघत बसायचं कारण नाही.

हा अडीच हजारांचा आकडा लक्षात ठेवा, कारण दिरांच्या सूचनेचं मोजमाप त्यानेच करायचं आहे. त्याच आकाराची डिझेल गाडी गावात तेरा आणि हायवेला एकोणीस देईल असं धरू. तुमचं गावातलं ४५० किलोमीटर आणि पुण्याची जाऊन-येऊन ४७० किलोमीटर मिळून तिला साठेक लिटर डिझेल लागेल. आत्ता तुम्हाला ७७ लिटर पेट्रोल लागतं. डिझेल स्वस्त आहे हे धरून महिन्याला अडीच-पावणेतीन हजार वाचतील, वर्षाला तीस-बत्तीस हजार. पावसाळा सोडला तर स्कूटरने महिन्याला वाचतात जवळजवळ तेवढेच. आता खर्चाची बाजू बघा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स आहे, पेट्रोलला १२. साडेपंधरा लाखांच्या डिझेल गाडीवर दोन लाखांहून अधिक टॅक्स नव्याने भरावा लागेल. या गाडीवर भरलेला टॅक्स गेलाच. विकताना आठ महिन्यांच्या गाडीची किंमत पडणार ती वेगळी. केवळ टॅक्सचे पैसे डिझेलच्या बचतीतून भरून यायला सहा वर्षांवर लागतील.

डिझेल घेऊ नका असं म्हणण्यामागे पैशापेक्षा मोठं कारणही आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी धरून ठेवणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला इंजिन चांगलं तापावं लागतं आणि बराच वेळ सलग चालावं लागतं. एका वेळी तीनच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते घडत नाही, जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात. ज्याला रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किंवा सांगलीला जायचं-यायचं आहे, त्याने डिझेल जरूर घ्यावं. शाळेच्या फेरीला ती चुकीची गाडी आहे. दिरांचा सल्ला आपुलकीचा आहे, पण तो तुमच्या रस्त्याला लागू पडत नाही.

पुण्याच्या फेरीबद्दल तुमच्या यजमानांना सांगायचं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ९०ऐवजी ११०ने गेलं तर हवा जवळजवळ दीडपट जोराने मागे ढकलते, आणि क्रॉसओव्हरचं तोंड उंच आणि रुंद असल्यामुळे छोट्या गाडीपेक्षा तिला हे जास्त भोगावं लागतं. टपावर सामानाचं कॅरिअर कायम लावून ठेवलं असेल तर तेही भर घालतं. ट्रिप नसेल तेव्हा उतरवून ठेवा. ९० आणि ११० यांत कागदावर पुण्यापर्यंत अर्ध्या तासाचाही फरक पडत नाही. प्रत्यक्षात किणी, तासवडे, आनेवाडीच्या टोलनाक्यांवर आणि सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर त्यातला बराचसा वेळ जातोच. चौपदरी महामार्गावर कारची कायदेशीर मर्यादा ताशी १०० आहे हेही त्यांना माहीत असायला हवं. ९०च्या आसपास स्थिर ठेवलं तर साडेचौदाचे साडेसोळा-सतरा होताना दिसतील. मागे सासूबाई बसलेल्या असतात, त्यांच्या पाठीलाही ते सोसेल.

इथे एक हिशेब सांगावासा वाटतो, कारण तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गावात १०चे १२ झाले तर सहाशे किलोमीटरमागे दहा लिटर वाचतात. हायवेला १५चे १८ झाले तर तेवढ्याच अंतरात साडेसहा-सात. वाढीचा आकडा हायवेला मोठा दिसतो, पैसे गावात जास्त वाचतात. म्हणून सुरुवात शाळेच्या फेरीपासून करा.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जात असाल आणि वर पोचल्यावर स्क्रीनवरचा आकडा बघून जेवणाची चव जात असेल, तर हेही वाचा. पन्हाळा खालच्या सपाटीपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे. पाच माणसांसह सतराशे किलोचा भार तेवढा वर चढवायला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागतंच, गाडी कोणतीही असो. उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्येच ठेवली तर आजची इंजिनं पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद करतात आणि बरीचशी भरपाई होते. न्यूट्रलमध्ये मात्र गाडी कधीही सोडू नका. तेव्हा इंजिन स्वतः चालू राहायला पेट्रोल घेत राहतं, आणि आंबा किंवा करूळ घाटासारख्या लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पेट्रोल वाचवायला म्हणून घाटात न्यूट्रल करणारे लोक मी पाहतो आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

पेट्रोलबद्दल घरात चर्चा होत असणारच. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. हे इथेनॉल आपल्याच भागातल्या उसापासूनही बनतं, आणि त्यात शेतकऱ्याचं हित आहे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशच असते, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत एका लिटरमधली ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. सासऱ्यांच्या जुन्या गाडीच्या काळात हे एवढं मिश्रण नव्हतं, त्यांच्या अठरातला थोडा भाग तिथलाही आहे. तुमची गाडी नवी आहे, तिला ई-२० चालतं, त्याने इंजिन खराब होईल ही भीती बाळगू नका. मापात कमी मिळतं असा संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं. ते मागून समोर मोजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या बाटल्या, असलं काही कुणी आणून दिलं तर परत करा. त्या पैशात टायरची हवा वर्षभर तपासून होईल.

हवा म्हटली की ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. पुण्याला निघताना दुसरा वापरा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. कावळा नाक्यापर्यंत गाडी चालवत नेऊन पंपावर बघितली तर टायर तापल्यामुळे आकडा दोन-तीन पॉइंट जास्त दिसतो आणि हवा कमी असूनही बरोबर वाटते. हवा भरायचा छोटा पंप मिळतो, तो घरी ठेवा.

शेवटी मोजणं. स्क्रीनवरच्या आकड्यावर घरात वाद घालू नका, बऱ्याच गाड्यांत तो थोडा फुगवलेला असतो. आणि पाचशेचं, हजारचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज कधीच नीट कळत नाही. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबा, वर थेंबभरही टाकायला लावू नका. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी खाली येत आली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा फुल्ल. किलोमीटर भागिले पावतीवरचे लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. गावातल्या टाक्या आणि पुण्याची टाकी वेगवेगळी लिहा. पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी टाकी फुल्ल केली की हे आपोआप जमतं. एक वही करा आणि ती सासऱ्यांच्या हाती द्या. इतकी वर्षं गाडी सांभाळलेल्या माणसाला हे काम आवडेल, आणि आकडे त्यांच्याच अक्षरात असले की जेवताना तुम्हाला उत्तरं द्यावी लागणार नाहीत.

एवढं सगळं करूनही ९०च्या स्थिर वेगाने, तीन माणसांत, पुण्याची टाकी चौदाच्या वर जात नसेल, तर मात्र सर्व्हिस सेंटरला नुसतं "ॲव्हरेज कमी आहे" असं सांगू नका. वहीची पानं दाखवा आणि नेमक्या गोष्टी तपासायला सांगा. चारही चाकं उचलून हाताने मोकळी फिरतात का, एखादा ब्रेक धरून राहतोय का. अलाइनमेंट किती आहे, त्याचा कागद द्या. इंजिनाचं तापमान नेहमीच्या पातळीपर्यंत पोचतं का, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप, उघडा अडकला तर इंजिन कायम थंडच चालतं. ऑक्सिजन सेन्सरचं वाचन स्कॅनरवर दाखवा. एअर फिल्टर बदलून घ्या म्हणाले तर घ्या, पण त्याने ॲव्हरेज फारसं वाढेल असं समजू नका. तपासणी जॉबकार्डवर लेखी नोंदवून घ्या, कारण गाडी वॉरंटीत आहे आणि पुढे काही निघालं तर तोच कागद तुमच्या कामाला येईल.

पुढच्या महिन्यात स्कूटरच्या फेऱ्या सुरू केल्यात की गावातली पहिली टाकी किती देते ते मला कळवा.